न ऐकलेलं उत्तर

शेवटचा प्रश्न उरला होता आणि दोघांचे गुण सारखे होते. शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं भिंतीशी सरकवून समोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीत याच शाळेचा कोल्टन, शाळेच्या पिवळ्या शर्टात. दुसरीत बारा वर्षांची मारेन, आईने विणलेल्या स्वेटरमध्ये. जिंकेल तो राज्याच्या गणित स्पर्धेला जाणार होता.

मारेन कुठल्याच शाळेत जात नव्हती. तिला आई घरीच शिकवायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. स्पर्धा मात्र शाळाशाळांची. म्हणून तिची आई डोरीन अख्खा हिवाळा आसपासच्या मुख्याध्यापकांना फोन करत होती. आमच्या मुलांनाच जागा पुरत नाही हो, असं सगळ्यांनी गोड शब्दांत सांगितलं. गोड बोलण्यात आम्हा आयोवाच्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. शेवटी या शाळेने मोठ्या मनाने हो म्हटलं. मारेनला पाहुणी म्हणून बसू दिलं. पाहुणी थेट शेवटच्या खुर्चीपर्यंत येईल, हे मात्र त्या मोठ्या मनात आलं नव्हतं.

नियम साधा होता. बझर दाबायचा, पंच म्हणून बसलेले याच शाळेचे टोलेफ्सन सर शाळेचं नाव घेतील, मग उत्तर द्यायचं. कोल्टनने दाबला की सर ताडकन "सीडर फोर्क!" म्हणत. मारेनने दाबला की अडखळत. हिला काय म्हणायचं ते त्यांना दरवेळी नव्याने आठवावं लागे, मग "पाहुणी!" असा पुकारा होई आणि मागे बसलेली पोरं फिसकन हसत.

"दिवसाच्या चोवीस तासांत," सरांनी वाचलं, "घड्याळाचे तासकाटा आणि मिनिटकाटा एकमेकांशी किती वेळा काटकोन करतात?"

कोल्टन बोटांवर मोजू लागला. मारेनच्या घरी स्टोव्हच्या वर एक जुनं घड्याळ होतं. आत पाव भाजला जाईपर्यंत त्याच्या काट्यांकडे बघत बसायची तिला लहानपणापासूनची खोड. तिने बझर दाबला.

सरांनी मान वर केली. "हं..." ते म्हणाले. शब्द शोधत होते.

"चव्वेचाळीस," मारेन म्हणाली.

मागच्या बाकावर डोरीनने डोळे मिटून घेतले. तिच्या घरात "हं" म्हणजे बोल. भांडी घासता घासता, पाठमोरी, ती "हं?" म्हणायची आणि पोरगी उत्तर द्यायची. वर्षानुवर्षं त्यांची शाळा अशीच चालली होती.

"नाव घेण्याआधी उत्तर दिलं. बाद," टोलेफ्सन सर म्हणाले. "सीडर फोर्क?"

कोल्टनने आधी सरांकडे पाहिलं, मग मारेनकडे.

"चव्वेचाळीस?" त्याने विचारलं.

"बरोबर!"

पिवळे शर्ट उड्या मारू लागले. कोल्टन तेवढा बसून राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

डोरीन गर्दीतून वाट काढत पुढे आली. "सर, त्याने तिचंच उत्तर सांगितलं."

"बाद उत्तर नियमाप्रमाणे कुणी ऐकलेलंच नसतं, मॅडम."

"तुम्ही तर ऐकलंत ना?"

"माणूस म्हणून ऐकलं. पंच म्हणून नाही." सर हसले. वाईट माणूस नव्हता तो, हीच तर पंचाईत. "मनाला लावून घेऊ नका. पोरगी हुशार आहे तुमची. पण आमची मुलं हे पहिलीतच शिकतात. हात वर करायचा, आणि नाव घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

"माझ्या घरात एकच मूल आहे," डोरीन म्हणाली. "तिने थांबायचं कुणासाठी?"

"तेच तर म्हणतोय मी," सर हळुवारपणे म्हणाले. "आणि जाताना डोनट घेऊन जा हं. पुष्कळ उरलेत."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, वर साखर पेरलेला. डोरीनने डोनट घेतले नाहीत. मारेनचा कोट शोधला, तिच्या गळ्याशी बटण लावलं आणि दोघी बाहेर पडल्या.

गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडायला बराच वेळ लागला. डोरीन ते जरा जास्तच जोर लावून खरवडत होती. आत येऊन बसली तेव्हा मारेन मागच्या सीटवर पट्टा लावून मुकाट बसली होती. सकाळी येताना तिच्या तोंडाला खळ नव्हता.

"भूक लागली का गं?" डोरीनने गाडी सुरू केली. "वाटेत पॅनकेक खाऊया?"

उत्तर आलं नाही. डोरीनने आरशात पाहिलं. मारेनने हात वर केला होता.

डोरीनला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. ती हसलीसुद्धा.

"हं?" ती म्हणाली.

मारेन बोलली नाही. हात तसाच वर धरून ती आपलं नाव घेतलं जायची वाट बघत बसली.