फाइल सापडत नाही

"फाइल सापडत नाही," पडद्यानं पुन्हा तेच सुनावलं. फाइल तर समोरच्याच फोल्डरमध्ये ठाण मांडून बसलेली.

हैमावतीनं ओढणीनं कपाळ पुसलं. ही कितवी मुलाखत, हे मोजणं तिनं सोडलं होतं. सासूच्या दुखण्यात नोकरी सुटली, तेव्हापासून जो तो एकच विचारायचा, मधली वर्षं काय केलंत? जसं काही ती अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीपाशी पत्ते कुटत बसली होती. आता नवऱ्याचा कारखानाही बंद पडला. ही नोकरी हुकली, तर मुलीचं कॉलेज सुटणार होतं.

माधापूरच्या या कचेरीतल्या कोटेश्वररावांनी मात्र मधल्या वर्षांबद्दल अवाक्षर काढलं नाही. थेट संगणकच पुढे सरकवला.

"ही परीक्षा. आम्ही हातानं चालवला तर प्रोग्राम धावतो. पहाटे आपोआप सुरू झाला की रडतो. का, ते सांगा."

माणसाला काम कळतं का, एवढंच पाहणारा कुणीतरी भेटला. तिला तो देवमाणूस वाटला.

तिनं प्रोग्राम त्याच्या फोल्डरमधून सुरू केला. चालला. बाहेरून सुरू केला. अडला. ती हसली.

"सर, फाइल हरवलीच नाही. हा स्वतःच्या घरात शोधतच नाही. जिथून हाक मारावी, तिथंच शोधतो. किल्ली आपल्या खुंटीला, आणि हा बाबा शेजाऱ्याची खुंटी चाचपतोय."

"मग?"

"फाइलचा पूर्ण पत्ता द्यायचा."

तिनं एक ओळ बदलली. प्रोग्राम आपोआप सुरू करून दाखवला. सुरळीत चालला. मागं उभ्या दोन इंजिनियरांनी त्या ओळीचा फोटो काढला.

"शाब्बास, हैमावतीगारू. सकाळपासून कुणाला जमलं नव्हतं. कळवतो तुम्हाला."

'कळवतो' हा शब्द, तोही नावापुढच्या मानाच्या 'गारू'सकट, आज पहिल्यांदा तिला गोड लागला. बाहेर बाकावर इस्त्रीचे शर्ट घालून पोरं ताटकळत होती. त्यांच्या तोंडचा घास आपण पळवला, असं वाटून तिचा जीव चुटपुटला. ती कोपऱ्यात पाणी प्यायला थांबली.

कोटेश्वरराव फोन कानाला लावूनच बाहेर आले.

"झालं सर, तुमचं अडलेलं काम झालं. छे हो, बाहेरचं कोण? आमच्याच पोरांनी शोधलं." मग फोनवर हात ठेवून ते टेबलापाशी बसलेल्या मुलीला म्हणाले, "या सगळ्यांना घरी पाठव."

"सर, जागा कुणाला मिळाली म्हणून सांगू?"

"कसली जागा?"