गॅरेजातली ऊब

रायनोने हीटर बंद केला, होडीवर अंथरलेल्या काचतंतूंच्या कापडावरून कोरडा ब्रश एकदा फिरवला आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. लोर्नाची गाडी अजून दिसत नव्हती.

कापडाखाली होडी उपडी होती. सगळा हिवाळा खपून त्याने देवदाराच्या बोटभर रुंद पट्ट्या एकीला एक चिकटवत ती उभी केली होती. आता कापडावर रेझिन, म्हणजे वाळून काचेसारखा कडक होणारा चीक, चढवायचं, की कापडातून खालचं लाकूड आरपार दिसायला लागणार. काम दोघांचं, एकाने कालवायचं, दुसऱ्याने पसरायचं. "येते बाबा," असं लेकीने फोनवर म्हटलं होतं. असंच म्हणून तिने गेले दोन ख्रिसमस चुकवले होते. तरी म्हातारा आपला सकाळीच उठून दुसरी खुर्ची पुसून बसला होता.

गॅरेज त्याने सकाळभर तापवून ठेवलं होतं. आता लाकूड निवायला लागलं होतं, आणि रेझिनची वेळ हीच. निवतं लाकूड हवा आत ओढतं, तापतं लाकूड ती बाहेर टाकतं. ओल्या रेझिनखाली लाकडाने हवा सोडली, की बुडबुडे उठतात आणि मग केलेलं सगळं पाण्यात. एली गावच्या तळ्याकाठी होड्या बांधणाऱ्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारा, हेच सांगेल.

शेवटी त्याने एकट्यानेच कालवलं. मधून सुरुवात करून तो टोकाकडे सरकत गेला. रबरी पातं फिरेल तिथे कापड नाहीसं होत होतं आणि खालून मधाच्या रंगाचं लाकूड वर येत होतं. इतकं देखणं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. ते दाखवायला आपल्याजवळ कुणी नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

एकच टोक उरलं होतं तेव्हा लोर्ना आली. कोटाची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली, किल्ल्या हातातच.

"सॉरी बाबा. डुलुथला मीटिंग लांबली. आणि मला लगेच निघायचंय हं, अर्ध्या तासात."

"आलीस ना. बास झालं."

"सुरूसुद्धा केलंत? थांबायचं ना माझ्यासाठी."

"मी थांबलो असतो गं. हे रेझिन थांबत नाही."

ती दारातच उभी राहून हात चोळत होती. "बाप रे, काय गारठा आहे इथे. या वयात असे थंडीत काय उभे राहता? उद्या आडवे झालात तर बघणार कोण तुमच्याकडे?"

रायनोचे दोन्ही हात चिकट झाले होते. मागे कुठेतरी खट्ट झालं आणि हीटर घरघरायला लागला.

"बंद कर तो," हे शब्द अगदी ओठावर आले. तो वळला. लोर्नाने किल्ल्या फळीवर ठेवल्या होत्या आणि ती कोट काढत होती. तिने तो खुंटीला अडकवला, पुसून ठेवलेली खुर्ची हीटरपाशी ओढली आणि ऐसपैस बसली.

"आता कसं," ती म्हणाली. "सांगा, काय करू मी?"

"तो कप धर जरा," रायनो म्हणाला.

कप धरून ती बोलत राहिली. साहेबाचं सांगितलं, दुखऱ्या दाढेचं सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ग्लेन गेला मला सोडून. अजून कुणाला बोलले नाहीये मी."

"बरं केलंस मला सांगितलंस," तो म्हणाला. त्याच वेळी त्याला होडीच्या कण्याजवळ पहिला बुडबुडा दिसला, मोहरीएवढा. त्याने तो पात्याने दाबला. शेजारी दोन उठले. ते दाबेस्तोवर सगळ्या कुशीवर दाणे फुटायला लागले.

"सारखं काय दाबताय हो?"

"काही नाही. हाताला सवय."

"घाम आलाय तुम्हाला. बंद करू का हीटर?"

रायनोने होडीकडे पाहिलं. रेझिन अजून ओलं होतं. आत्ता बंद केला तर निम्मी तरी वाचली असती. मग त्याने खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं.

"राहू दे," तो म्हणाला. "मला बरं वाटतंय."

अर्धा तास केव्हाच उलटून गेला. तिने वेलचीचा गोड पाव दोनदा मागून खाल्ला, ग्लेनपायी थोडी रडली, मग त्याच्याच घोरण्याची नक्कल करून हसली. बाहेर उन्हं उतरली तेव्हा उठली. बसल्या जागेवरून तिला होडीवर काही दिसलं नव्हतं. "झकास झालीय हो," असं म्हणून तिने बापाच्या गालाला गाल लावला आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी शेजारचा ऑरिन होडी बघायला आला. त्याने स्वतः होड्या बांधल्या होत्या. त्याने अंगठा फिरवला, वाकून पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"अरे रायनो, हिला काय देवी आल्या? आता वार्निश कसलं, रंगच फासावा लागणार हिला. एक पट्टी दिसायची नाही."

"फासू."

"गड्या, तू हीटर चालू ठेवलास?"

"ठेवला."

"तू? आख्खा जन्म लाकडात काढलेला माणूस तू. तुला कळलं नाही?"

"कळलं की," रायनो म्हणाला. "काल घरी माणूस आलं होतं."