अडलेली गाडी

"हाही पॉइंट बंद दाखवतोय," सारिका म्हणाली आणि मोबाईल मांडीवर उलटा ठेवला.

टोकावड्याचा ढाबा मागं गेला. ढाब्याबाहेरचं गाड्या चार्ज करायचं पांढरं मशीनही मागं गेलं.

"उतरून बघायचं का?" दिपेशनं विचारलं.

"मुरबाडला उतरून काय मिळालं?"

ते खरंच होतं. सकाळपासून दिपेशचं डोकं तापलेलं होतं. शहापूरच्या सोसायटीत पार्किंगला पॉइंट द्यायला सेक्रेटरी तयार नाही. एकाला दिला की सगळे मागतील, म्हणे. नाक्यावरचं मशीन आज नेमकं बंद. मुरबाडच्या मशीनपुढं भाजीचा टेम्पो उभा, नि टेम्पोवाला जेवायला गेलेला. तो ढेकर देत आला, टेम्पो हलला, तर मशीनला त्याचं वेगळं ॲप हवं. ॲप घेतलं तर आधी त्यात पैसे भरा. भरले. मशीननं लाल दिवा लावला आणि गप्प बसलं. फोन केला तर एक बाई गोड आवाजात तुमचा कॉल महत्त्वाचा आहे, एवढंच म्हणत राहिली. पुढं एका रिसॉर्टवर मशीन चालू होतं. तिथला वॉचमन म्हणाला, "रूम घेनार असाल तर लावा. दर घरच्या लायटीच्या तिप्पट. रूमचा वेगला."

"बैल परवडला," दिपेश म्हणाला. "बांधावर सोडला की चरतो तरी. ॲप मागत नाही."

सारिका हसली नाही. ती बाहेर बघत होती. दोन्ही अंगांना भात पिकलं होतं. वारा आला की वाकायचं, वारा गेला की उभं राहायचं.

संध्याकाळी घाटापलीकडं दिपेशच्या बहिणीचा साखरपुडा होता. काट्यावर शेवटचे दोन टक्के उरले, गाडी लंगडी झाली, आणि पुढं ते वळण दिसलं. एरवी या वळणावर दिपेश गाडी जोरात काढायचा. वळणावर सारिकाचं माहेर होतं. तिनं स्वतःच्या मनानं दिपेशशी लग्न केलं त्या दिवशी तिच्या बापानं, काळूरामनं, साऱ्या भावकीदेखत सांगितलं होतं, "आजपासून माज्या दारात पाय ठेवायचा नाय." त्याला तीन वर्षं झाली होती.

"नेमकं इथंच," दिपेश कपाळ धरून म्हणाला.

"आत घे," सारिका म्हणाली. "चढावर थांबली तर ढकलायलाही कोणी मिळणार नाही."

गाडी अंगणात शिरली आणि थांबली.

काळूराम पेंढ्याच्या उडवीजवळून उठला. जुन्या काळी घाट चढणाऱ्या बैलगाड्या या दारात दम खायच्या. तेव्हापासूनची घरची रीत होती. दारात अडलेल्या गाडीला पाणी-वैरण द्यायची, गाडी कुणाची ते विचारायचं नाही. कोर्टात भांडणाऱ्या भावकीच्या बैलांनाही काळूरामच्या आज्यानं याच अंगणात पेंढा घातला होता.

काळूराम गाडीभोवती एक फेरी मारून आला. काचेतून आत मात्र त्यानं बघितलं नाही.

"काय झाला हिला?"

"चार्जिंग संपलं," दिपेश खालमानेनं म्हणाला.

"पानी पिती?"

"नाही. वीज लागते."

"मंग घाला वीज. मोटरीचा पॉइंट हाय पडवीत."

दिपेशनं डिकीतली केबल काढून पडवीपर्यंत ओढली. हिरवा दिवा लागला. सबंध दिवसात त्याला दिसलेला तो पहिला हिरवा दिवा.

"बिल काय येईल ते देतो मी."

"बैलानं खाल्ल्या पेंढ्याचं पैसं घेतो का कोनी? बसा पावने, खुर्ची घ्या."

दिपेश बसला. सारिका गाडीतच राहिली. दार बंद, काच अर्धी खाली. तिची आई, हौसा, तांब्या घेऊन काचेपाशी आली. मायलेकींनी काचेवरूनच एकमेकींचा हात धरला. पाणी सांडलं, कोणी पुसलं नाही. हौसानं नवऱ्याकडं बघितलं. काळूराम दोर वळत बसला होता. मग ती आत गेली, आणि चुलीवर उगाच भांडी वाजू लागली.

ऊन अंगणातून सरकलं. गाडीचं पोट भरता भरेना. शेवटी साखरपुड्याला उशीर होईल हे कळवायला, रेंज शोधत दिपेश रस्त्यापर्यंत चालत गेला.

काळूराम उठला. गाडीपाशी आला. बोलला, पण बघितलं डोंगराकडं.

"ढाब्यावरचा मशीन चालू हाय. सकाली दूध घालाया गेल्तो, तवा गाडी लावली व्हती एक."

सारिकानं मान खाली घातली. मांडीवरचा मोबाईल मुठीत घट्ट धरला.

"ठाऊक हाय, बाबा."

"मंग?"

"चालू गाडीनं आली असती तर तुमी दार उघडला नसता. अडलेल्या गाडीला नाय म्हनत नाय आपल्याकडं."

आत भांडी वाजायची थांबली होती. काळूरामनं गाडीचं दार धरलं. ते कसं उघडतं ते त्याला उमगेना, दोनदा हिसका दिला. तिसऱ्यांदा दार उघडलं आणि तो बाजूला झाला.

"पुढल्या टायमाला तिथं भरून घे गो," तो म्हणाला. "नि मंग घरी ये."