सॉल्ट बेल्सचा गायक

"डेनिस क्रो तुम्हीच ना?" गंधारने शेवटी विचारलं.

गिटार जुळवणारा वॉल्टरचा हात थांबला. न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावातला हा म्हातारा शेजारी गंधारच्या आठ वर्षांच्या ओवीला गिटार शिकवायचा.

सॉल्ट बेल्स म्हणजे इंग्लंडातल्या हल शहरातल्या चार पोरांचा बँड. डेनिस क्रो त्यांचा गायक; त्याची बहीण अजून हललाच राहत होती. गोदीवरच्या पबमधून निघून दोन वर्षांत त्यांनी लंडन गाजवलं. एकोणीसशे सदुसष्टमध्ये ती न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आली, दक्षिणेकडे व्हॅनने निघाली आणि नाहीशी झाली. पुण्याहून इथे आयटीत आलेला गंधार त्यांच्यावर पॉडकास्ट करत होता. त्यांच्या शेवटच्या फोटोतली गिटार, कडेच्या जळल्याच्या डागासकट, आता वॉल्टरच्या मांडीवर होती.

"कधीतरी कोणी विचारणार, हे माहीत होतं," वॉल्टर म्हणाला.

"बाकीचे तिघं?"

"तळ्यात. व्हॅनसकट."

"आणि तुम्ही?"

"मी घरी परत आलो." त्याने गिटार खाली ठेवली. "कोणाला सांगितलंस हे?"

"अजून नाही."

"नकोच सांगू."

घरी येऊन गंधारने बायकोला सगळं सांगितलं. निवेदिताचा चेहरा उतरला.

"बहीण जिवंत असताना माणूस इतकी वर्षं गप्प बसतो? मला काही बरं वाटत नाही, गंधार. ओवीचा क्लास बंद करू या."

"धक्का बसला असेल गं त्यांना."

त्याने हलला डेनिसच्या बहिणीला, मॉरीनला कळवलं. दोघांचीही ऐंशीच्या आसपासची वयं. भेट राहून जायला नको. रविवारी त्याने वॉल्टरला जेवायला बोलावलं, आणि जेवणं झाल्यावर काही न सांगता मॉरीनला व्हिडिओ कॉल लावून लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.

पडद्यावरच्या बाईकडे वॉल्टर क्षणभर बघत राहिला. मग उठला आणि मागच्या दाराने बाहेर पडला.

"आय'ल गेट हिम," म्हणत ओवी त्याच्यामागे धावली.

मॉरीन रडत होती. गंधारचेही डोळे भरून आले.

"ओळखलंत ना त्यांना?"

"ओळखलं," ती म्हणाली. "डेनिसला शोधायला मी तिकडे आले होते, तेव्हा तळ्याकाठच्या एका शेतकऱ्याने मला घरात बसवून चहा दिला होता. अशी कुठली व्हॅन मी पाहिलीच नाही, म्हणाला होता. तो हाच."