राखेतलं बी

वारंगा फाट्यावर नीलाबाई आणि तिचा नवरा अमरसिंग एस.टी.तून उतरली. नांदेडच्या डॉक्टरानं सांगायचं ते सांगून टाकलं होतं.

तांड्याकडे जाणारी जीप भरायला वेळ होता. दोघं चाँद पाशाच्या हॉटेलात बाकावर टेकली.

"क्या अमरसिंगभाऊ!" चाँद पाशा कढईवरूनच ओरडला. "चेहरा तर मस्त भरून आला. ब्लड कॅन्सर तुमाला झाला, का तुमीच त्याला झालात?"

दर महिन्याला गोळ्या आणायला जाता-येता हीच थट्टा व्हायची. चेहरा भरला नव्हता, गोळ्यांनी सुजला होता. तरी अमरसिंग दरवेळी हसायचा. आजही हसला.

"दोन पलेट भजे दे," तो म्हणाला. "अन् आदी हिला चहा."

चहा आला. नीलाबाईनं त्याला हात लावला नाही. चहावर साय धरली.

डॉक्टर तरणा होता, पण समजावून बोलायचा. "गोळी तीच आहे हो, तुमचा आजार तो राहिला नाही," तो म्हणाला होता. "ज्या पेशी गोळीनं मरायच्या त्या मेल्या. थोड्या उरल्या, त्यांची आतली घडणच बदलली. आता त्या गोळीला भीत नाहीत, आणि रक्तात त्याच वाढल्यात." दुसरी गोळी निघाली होती म्हणे. पण फुकट मिळणाऱ्यांत ती नव्हती. मग डॉक्टरानं विचारलं होतं, "रोज चार घेत होतात ना? एकही कमी नाही?"

"बराबर चार," अमरसिंग म्हणाला होता. त्याच वेळी नीलाबाई पदर तोंडाशी धरून बाहेर निघून गेली होती.

"ऐकता का," आता ती म्हणाली. नजर रस्त्यावर, उसाच्या ट्रकांवर. "तीनच देत व्हते मी."

"काय?"

"आदी रोज न्हाई. तुमाला उलट्या व्हायच्या, त्या दिशी. मंग तुमी चांगले दिसाय लागले. नांगराला गेले. तवापासून रोजच."

"अन् चौथी?"

"ठिवली. ज्वारीच्या बियात. राखंत."

पेरणीचं बी राखेत घोळून मडक्यात घालायचं आणि तोंड मातीनं लिंपायचं. घरात चूल पेटली नाही तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही. हे तिला तिच्या याडीनं, तिच्या आईनं, शिकवलं होतं. हळदीचं असो, ज्वारीचं असो, आलेल्यातलं थोडं बाजूला पडल्याशिवाय तिच्या हाताला चैन नसायचं. त्यात हे औषध फुकटचं. मागं एकदा गोळ्या आल्याच नव्हत्या. अमरसिंग महिनाभर तापानं फणफणला होता, आणि ती उशाशी बसून होती.

"उद्या बंद पडल्या तर कुठून आणू, म्हणून राखल्या," ती म्हणाली. "मडकं भरत आलं हाय."

अमरसिंगच्या हातात पाण्याचा गिलास होता. तो रस्त्यावर भिरकावून द्यावा असं त्याला वाटलं. तिच्या सात पिढ्यांचा उद्धार जिभेवर आला. चाँद पाशानं झारा थांबवून इकडं पाहिलं.

पण तळहातावरच्या तीन गोळ्या त्यानंही पाहिल्या होत्या. आंधळा थोडाच होता तो? चार घेतल्या की पोटात ढवळून यायचं, जेवण वर यायचं. तीन निमूट बसायच्या. म्हणून तो दाराकडं बघत गिळून टाकायचा. विचारलं असतं तर तिनं चौथी दिली असती. त्यानं कधी विचारलं नाही. आणि आज डॉक्टराला 'बराबर' म्हणणाराही तोच.

"डाक्टरनं चार गोळ्यांचं काहून इचारलं?" नीलाबाईनं त्याच्याकडं वळून पाहिलं. "खरं सांगा. माझ्या हातानं झालं का हे?"

गिलास त्यानं खाली ठेवला.

"तू भायेर गेल्यावर बोलला तो. पुऱ्या गोळ्या घेतात, त्यांच्यातबी कुणाकुणाचं असं व्हतं म्हणला."

"माझी आन?"

"तुझी आन."

हे खोटं नव्हतं. डॉक्टर तसं म्हणालाच होता. म्हणून अमरसिंगला शपथ घेता आली.

नीलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. साय बाजूला करून थंड चहा प्यायली. मग एक भजं उचललं, मग दुसरं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. अमरसिंगनं आपलीही पलेट तिच्याकडं सरकवली.

"मंग मडक्यातल्या उद्यापासून देते," ती म्हणाली. "चारच्या वर दोन देते. वाया काहून घालायच्या?"

"दे," तो म्हणाला.

तांड्यातल्या भावसिंगची जीप लागली. त्यानं नेहमीसारखी माणसं कोंबली, कुणाच्या मांडीवर कुणाची पिशवी. नीलाबाई अमरसिंगच्या डाव्या अंगाला बसली. गाडी डांबर सोडून कच्च्या रस्त्याला लागली नाही तोच तिचा डोळा लागला. मान त्याच्या खांद्यावर पडली आणि कोपर त्याच्या कुशीत रुतलं. त्या बाजूला बरगडीखाली आजारानं पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून दगडासारखी झाली होती. सदरा घासला तरी कळ यायची. हे त्यानं तिला अजून सांगितलं नव्हतं.

जीप एका खड्ड्यातून दुसऱ्यात आदळत होती. समोरच्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडं निरखून पाहिलं.

"घाम फुटला की तुमाला, भाऊ. बाईला उठवा, जरा सरकून बसा."

"न्हाई," अमरसिंग म्हणाला. "झोपू द्या तिला."