सहावी बादली

माणूस जातो, त्याची माया मागे उरते. मास्तरांची बायको गेली, तेव्हा मागे उरल्या गॅलरीतल्या रंगाच्या सहा जुन्या बादल्या आणि त्यांतली टोमॅटोची रोपं.

ती मातीत बोट खुपसून ओल बघायची, मगच पाणी घालायची. मास्तर वेळापत्रकाप्रमाणे ओतत. महिन्याभरात पाच रोपं मुळाशी कुजली.

एके सकाळी सहाव्या बादलीत बोटभर खोल, ताजं भोक दिसलं. मास्तरांनी तर मातीला कधी बोट लावलं नव्हतं.

"चिमणी असेल, बाबा," मुलगी फोनवर म्हणाली. "आणि पाण्याचा हात जरा आवरा. आईचं एवढं एक तरी जगू दे."

मास्तरांनी भोकात करंगळी घातली. आतून कुणीतरी ती चिमटीत धरली, हलकेच दाबून पाहिली आणि सोडली.

माती ओली होती. त्या दिवशी पाण्याची गरज नव्हती.