होडीतलं डोहाळजेवण

डोहाळजेवणासाठी माहेरी निघालेल्या ऋतुजाची होडी उजनी धरणाच्या पाण्यात मधोमध बंद पडली. होडीवाला इंजिनाची दोरी ओढून ओढून घामाघूम झाला. वल्हं आणलेलंच नव्हतं. तिचा नवरा बिरुदेव आधी होडीवाल्यावर ओरडला, मग त्यानं देवाचा धावा केला, आणि मग नुसताच तिचा हात धरून बसून राहिला. शेवटी मासे धरायला आलेल्या एकानं दोर टाकून त्यांना काठाला लावलं.

घरी पोचल्या पोचल्या वहिनीनं हौसेनं पडदा बाजूला केला. आत थर्माकोलची होडी. तिला झेंडूच्या माळा, खाली निळ्या साडीच्या लाटा.

"आता सगळीजण असंच होडीतलं डोहाळजेवण करत्यात," वहिनी म्हणाली. "बसा दोघं. दाजी, ते वल्हं घ्या हातात. आन जरा हसा की!"

ऋतुजाचं पाऊल उचलेना.

"लाजतीया गं," बायका हसल्या आणि तिला धरून आत बसवलं. फोटो निघाले. बिरुदेवच्या सासूबाईंनी लेकीची ओटी भरली आणि त्या जावयाकडं वळल्या. "तुमी उद्या निवांत सोलापूरला जावा. पयलं बाळंतपण माहेरातच. पोर आता हितंच ऱ्हाईल."

बिरुदेवच्या हातात अजून ते थर्माकोलचं वल्हं होतं. "पर मामी, एकदम कळा सुरू झाल्या तर? दवाखाना तर पल्याड हाय."

"त्यात काय एवढं," सासूबाई म्हणाल्या, "होडी हाय की."